बाईचा डंक आणि माझा अहवाल

कोल्हापूरच्या माणसाला पाकिटातली चटणी विकायला निघालेली मी बहुतेक पहिलीच बाई असेन. बरं, मी परगावची असते तर एकवेळ समजून घेतलं असतं. माझा जन्म कसबा बावड्यातला, सासरही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. आमच्याकडे चटणी म्हणजे पाट्यावर वाटलेली ओली चटणी नव्हे. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे आणि गरम मसाला एकत्र कुटून वर्षभराची बरणी भरतात, ती चटणी. आमटीला तीच, रश्श्याला तीच, आणि घरात काही नसलं की भाकरीवर तेल टाकून तीच. प्रत्येक घरची चटणी वेगळी आणि प्रत्येकीला दुसरीची चटणी एक तर नुसती तिखट लागते, नाहीतर पाणचट. हे मला कळत्या वयापासून माहीत. तरीसुद्धा बँकेच्या कागदावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं की तयार चटणीची पाकिटे स्थानिक बाजारात विकली जातील. खाली सही ठोकली, वर शिक्काही मारला.

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नोकरीत मी शेकडो कर्जं केली. म्हशींची केली, पिठाच्या गिरण्यांची केली, सलूनच्या खुर्च्यांची केली. त्यातलं मला सगळ्यात अभिमानाचं कर्ज कोणतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते, ज्याचा अहवाल धडधडीत चुकीचा होता ते. लोक हसतात. हसू देत की.

नव्वद साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. माझी बदली गडहिंग्लजच्या बाजूच्या एका गावातल्या शाखेत झाली होती. आठवडाभर गडहिंग्लजला भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवारी एसटीनं घरी यायचं, सोमवारी पहाटे परत. माझं काम म्हणजे मोपेडवरून आसपासची गावं फिरायची, कोण काय धंदा करू शकेल ते बघायचं आणि त्याला कर्ज मिळवून द्यायचं. त्या वर्षी एक सरकारी योजना आली होती. खेड्यात लहान धंदे उभे राहावेत, माणसं गाव सोडून जाऊ नयेत, असा तिचा हेतू. हेतू चांगलाच होता. फॉर्म मात्र असला भयंकर की भरता भरता मलाच गाव सोडून जावंसं वाटायचं.

एक दिवस एक बाई शाखेत आली. तिशी ओलांडलेली, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, घरात कन्नड बोलणारी आणि बाहेर आमच्यापेक्षा कडक मराठी बोलणारी. तिकडं सीमेकडं अशी घरं पुष्कळ. ती बाकड्यावर बसली नाही, सरळ माझ्या टेबलाशी आली.

"अक्का, मला गावात डंक घालायचा हाय," ती म्हणाली.

डंक म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. विजेच्या मोटारीवर लोखंडी मुसळं वरखाली होतात, खाली उखळ असतं, उखळात मिरची. तिच्या गावच्या बायका उन्हाळ्यात मिरच्यांची गाठोडी घेऊन एसटीनं गडहिंग्लजला जायच्या, दिवसभर रांगेत बसायच्या आणि अंधार पडायच्या आत कशाबशा परत यायच्या. गावात डंक झाला तर ह्या सगळ्या बायका दारात येतील, इतका साधा तिचा हिशोब होता.

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. तिचा नवरा सूतगिरणीत जॉबर होता, यंत्रं आणि माणसं दोन्ही सांभाळणारा. गिरणी बंद पडली. पुण्यात त्याचा एक चुलतभाऊ होता, त्यानं वॉचमनची नोकरी आणि एक खोली बघून ठेवली होती. नवरा बायकोला म्हणाला होता, उन्हाळाभर तुझं काय ते करून बघ. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत जमलं तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावून पुण्याला जायचं.

"मला जायचं न्हाय अक्का," ती म्हणाली. "हितं माझं दोन खणाचं का असंना घर हाय. पोरगी शाळंत पयल्या पाचात हाय. तितं जाऊन मी काय दुसऱ्याची भांडी घासू?"

ती हे रडून सांगत नव्हती, भांडल्यासारखी सांगत होती. मला ती तिथंच आवडली.

घोळ मी घातला तो इथून पुढं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मॅडम, ही योजना उत्पादनासाठी आहे. दुसऱ्याची मिरची कुटून देणं हे उत्पादन नाही, मजुरी झाली. बसत नाही." मॅनेजर तसा सज्जन माणूस. पण नियमाच्या बाहेर पाऊल पडलं की त्यांना घाम फुटायचा. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. बसवून दाखवते. आणि मी बसवलं. डंकाचं नाव झालं 'मिरची कांडप यंत्र', धंद्याचं नाव झालं 'मसाला उत्पादन केंद्र', आणि दारात येणाऱ्या बायकांच्या जागी आली पाकिटं. आठवड्याला किती पाकिटं, कुठल्या दुकानात, सगळं मी मनानं रचलं. अहवाल इतका झकास उतरला की मॅनेजरनी तो दुसऱ्या दोघांना नमुना म्हणून दाखवला. मी चार दिवस तरंगतच होते.

फेब्रुवारीअखेर घरासमोर पत्र्याची शेड उभी राहिली. तीन मुसळांचा डंक आला. नारळ फुटला, मला हळदीकुंकू लागलं, पेढे वाटले. नवरा बाजूच्या कट्ट्यावर बसून होता. गिरणीत चाळीस माणसांवर हुकूम चालवलेला माणूस तो. बायकोच्या शेडमध्ये पाऊल टाकायला त्याला कमीपणा वाटत होता, आणि ते त्याच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं.

पाकिटं छान निघाली. प्लॅस्टिकची, वर लाल मिरचीचं चित्र. ती मार्चभर कुटत होती आणि दुकानातून टांगत होती. मी दुसऱ्या गावांच्या म्हशी मोजण्यात गुंतलेली. एप्रिलच्या सुरुवातीला बाजाराच्या दिवशी गडहिंग्लजला एका दुकानात सहज डोकावले, तर पाकिटांची माळ होती तशी लटकलेली. वर धूळ बसलेली.

"का हो, चटणी जात नाही का?" मी दुकानदाराला विचारलं.

"जाती की," तो म्हणाला. "बाया घेत्यात, वास घेत्यात, कुणाच्या हातची म्हणून विचारत्यात आणि परत टांगत्यात."

"अहो पण चांगली आहे."

"चांगली आसंल. पण मॅडम, एक विचारू? तुमी किती पाकिटं नेलीसा?"

"मी कशाला नेऊ? माझी घरची..." एवढं बोलले आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

दुकानदार साखर तोलायला लागला. कोल्हापूरकडचा माणूस असून त्यानं मला टोमणा मारला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

मी त्याच पावली मोपेड तिच्या गावाकडं वळवली. गावाच्या फाट्यावर एसटीची वाट बघत पाच-सहा बायका बसलेल्या. प्रत्येकीच्या पायाशी गाठोडं, आणि येणारा-जाणारा शिंकत होता म्हणजे गाठोड्यात काय ते सांगायला नको. मी गाडी थांबवली.

"काय ओ, कुठं निघालाय?"

"गडहिंग्लजला, चटणी कुटाय."

"गावात डंक झालाय की आता."

"झालाय, पर ती घेत न्हाय," त्यातली एक म्हातारी म्हणाली. "बँकेनं न्हाय म्हटलंय म्हनं. बँकेत कोन एक बाई हाय, तिनं लिवून दिलंय, दुसऱ्याची मिरची कुटायची न्हाय. लई खडूस बाई हाय म्हनं ती."

"असेल," मी म्हटलं आणि गाडीला किक मारली. ती खडूस बाई मीच, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

शेडमध्ये ती एकटीच होती. कोपऱ्यात पाकिटांचा ढीग. तळपायाची आग मस्तकात गेलेली, मी दारातूनच सुरू झाले. कोल्हापूरची बाई स्वतःबद्दल पुरुषासारखं येतो-जातो असंच बोलते, शिकलेली असले तरी चिडले की मीही तशीच बोलतो. "अगं, गावातली गिऱ्हाईकं फाट्यावर बसल्यात आणि तू हितं रिकामा डंक घेऊन बसलीस? डोकं फिरलंय काय तुझं?"

ती आत गेली. देव्हाऱ्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आली. माझा अहवाल. त्याची नक्कल तिनं देवाजवळ ठेवली होती.

"ह्यात कुटं लिवलंय दुसऱ्याची कुटायची म्हणून?" ती म्हणाली. "पोरीकडनं तीनदा वाचून घेतलंय. पाकिटं करायची आनि दुकानात द्यायची, आसंच हाय. बाया रोज येत्यात, अक्का. मी परत लावतो. कर्जाचं यंत्र हाय, बँकेच्या शब्दाभाईर जाऊन कसं चालंल?"

"अगं पण पाकिटं खपत नाहीत हे दिसत नव्हतं तुला?"

"दिसत हुतं की. पर मला वाटलं, तुमी शिकलेली मानसं. तुमी लिवलंय म्हंजी इचार करूनच लिवलं आसंल."

माझी मलाच लाज वाटली. जिला धंदा कळत होता तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बायका दारात येतील. मी तिचं खरं खोडून माझं खोटं लिहिलं, आणि तिनं ते देवाजवळ ठेवलं. बाहेर कट्ट्यावर तिचा नवरा पाठ करून बसलेला. शाळा सुरू व्हायला दोन महिने उरले होते, त्यातला चटणीचा मोसम जेमतेम दीड.

"उद्यापासून कूट," मी म्हटलं. "येईल तिची कूट."

"आनि बँक?"

"बँकेचं मी बघतो."

पुढच्या सोमवारी मी कोल्हापूरहून माझ्या घरच्या मिरच्या आणि भाजलेला मसाला घेऊन आले. गावाला दिसावं म्हणून मुद्दाम. सासूबाईंना सांगितलं नाही, त्यांनी परक्या डंकावर मसाला जाऊ दिला नसता. डंकावर एक रीत असते. जिची चटणी तिनं उखळाशी उभं राहायचं. नाकाला पदर बांधून, डोळ्यांतनं पाणी गाळत, शेवटची चाळणी होईपर्यंत हलायचं नाही. डंकवाला मसाला काढून घेईल, आधीच्या बाईचं उरलेलं आपल्यात येईल, ही धास्ती सगळ्यांना. ह्या बाईनं काय केलं, तर दोन गिऱ्हाइकांच्या मधी ती उखळात मूठभर खडं मीठ कुटायची, सगळं लख्ख पुसायची आणि येणारीला म्हणायची, "हात घालून बघा." तीन उखळांतलं एक उखळ तिनं कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांसाठी वेगळं ठेवलं. त्यात लसणाची पाकळी म्हणून पडू द्यायची नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि माझ्या अहवालात तर नव्हतंच.

आठ दिवसांत शेडबाहेर रांग लागली. पंधरा दिवसांत शेजारच्या दोन गावांतनं बैलगाडीनं मिरच्या यायला लागल्या. फाट्यावरची ती म्हातारी आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी ती बँकेची का ओ?" मी म्हटलं, "व्हय, तीच खडूस." म्हातारी अशी हसली की तिला ठसका लागला.

मग कुणाला घरी मिरच्यांचे देठ काढायला वेळ नसायचा, कुणाकडं भाजायला मोठी कढई नसायची. डंकवालीनं दोन बायका देठ काढायला बसवल्या, मग एक भाजायला, मग आणखी दोन. उसाच्या शेतात भांगलणीला, तण खुरपायला, जाऊन कंबर मोडलेल्या बायका त्या, सावलीत बसून कामाचे पैसे मिळतात म्हणून खुशीत होत्या. बोटांची आग व्हायची, रात्री तेल लावायच्या, सकाळी परत यायच्या. मी त्या रांगेकडं बघत उभी राहायचे आणि माझा ऊर भरून यायचा. खोटं कशाला सांगू, ऑफिसच्या कामाशिवाय मी मोपेड तिकडं वळवायची ते नुसतं बघायला.

पण नवऱ्याचं मन काही ठरत नव्हतं. एक मेला शाळेचा निकाल लागला, पोरगी सहावीतनं सातवीत गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं जाऊन तिचा शाळा सोडल्याचा दाखला काढून आणला. पुण्यातल्या शाळेत लागतो म्हणून. डंकवालीनं मला हे सांगितलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मिरचीनं लाल होते, त्यामुळं तिला डोळेसुद्धा पुसता येईनात. मी माझ्या पदरानं पुसले.

"आजून त्येंनी ठरवलं न्हाय," ती म्हणाली. "दाखला कपाटात ठेवलाय, मला दाखवूनच ठेवलाय."

मेच्या मध्यावर एक दिवस भर रांगेत डंकाचा पट्टा तुटला. मुसळं जागच्या जागी थांबली. वीसेक बायका बसलेल्या, मिस्त्री गडहिंग्लजला, आणि बायकांचा गलका सुरू झाला. डंकवाली रडकुंडीला आली. तेवढ्यात कट्ट्यावरचा नवरा उठला. कुणाकडं न बघता शेडमध्ये आला, चप्पल काढली, पट्टा हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "हा बसवलाच चुकीचा हुता. गेला महिना झाला, आवाज ऐकून मी हितं बसून दात खातोय."

"मग सांगायचं न्हाय व्हय?" बायको म्हणाली.

"इचारलंस का?"

अर्ध्या तासात डंक सुरू झाला. त्या दिवसानंतर तो कट्ट्यावर दिसला नाही. शेडमध्येच असायचा, बेअरिंगला ग्रीस घालत नाहीतर मोटारीला कान लावून. पण दाखला कपाटातच होता.

आणि नेमकं तेव्हाच बँकेत माझं बिंग फुटलं. मॅनेजरसाहेबांनी एकदा पाकिटांच्या विक्रीचा तपशील मागितला. मी खरं ते सांगितलं. ते खुर्चीतच खचले.

"मॅडम, म्हणजे योजनेचं कर्ज भलत्याच कामाला वापरलं. नियमाप्रमाणं आपल्याला कर्ज परत मागवावं लागेल. यंत्र जप्त होईल. वरनं तपासणी येणार आहे ह्याच महिन्यात. मी काय दाखवू त्यांना?"

"डंक दाखवा," मी म्हटलं.

"चेष्टा करू नका. तुम्ही असं करा, बाईनं परस्पर बदल केला असं लिहून द्या. तुमच्यावर येणार नाही."

एवढं ऐकलं आणि मी भडकले. पण बघा, माणूस माझ्या भल्याचंच सांगत होता. मी टेबलावरचा कागद ओढला आणि त्यांच्यासमोर उभ्या उभ्या लिहिलं. अहवाल माझा चुकला, पाकिटांची कल्पना माझी, बाईनं पहिल्या दिवशी जे मागितलं होतं ते बरोबर होतं, आणि तिनं केलेला बदल माझ्या सांगण्यावरून केला आहे. सही केली. मॅनेजरनी कागद वाचला. मग त्यांनी हळूच पेन काढलं आणि खाली दोन ओळी घातल्या, की शाखेनं प्रत्यक्ष पाहणी केली असून व्यवसाय उत्तम चालू आहे. मला वाटतं नोकरीत त्यांनी नियमाबाहेर टाकलेलं ते एकच पाऊल. नंतर दोन ग्लास पाणी प्यायले.

तपासणीला आलेले अधिकारी उंच, इस्त्रीचे कपडे, हातात माझा तो झकास अहवाल. शेडच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पाकिटं कुठं..." आणि पुढचं वाक्य ठसक्यात गेलं. मिरची कुटत होती ना. खोकून खोकून लाल झाले. बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. एकीनं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणून दिला, "घ्या पावणं, सवय न्हाय तुमास्नी." दम परतल्यावर त्यांनी डंकवालीला दहा प्रश्न विचारले. तिनं एकाचंही उत्तर वाढवून सांगितलं नाही. किती बायका येतात, कामाला किती, मोसम संपल्यावर काय करणार. ती म्हणाली, "पावसात हळद आनि शेंगदाण्याचं कूट. सणाला धने-जिरं. बारमास काय ना काय कुटतंच की मानूस." ते सगळं लिहून घेऊन निघून गेले. चेहऱ्यावरनं काही म्हणजे काही कळलं नाही.

मग वाट बघणं. एक आठवडा, दुसरा आठवडा. जून लागला. शाळा चार दिवसांवर आल्या. मी रोज टपालाची वाट बघायची, आणि टपाल आलं की मी विचारायच्या आधीच मॅनेजर माझ्याकडं बघून नाही म्हणून मान हलवायचे. मला झोप लागेना. यंत्र नेलं तर ती सगळी निघून जाणार पुण्याला, आणि त्याला कारण मी. दुसरं कुणी नाही.

शाळा सुरू झाली त्याच दिवशी सकाळी पत्र आलं. व्यवसायातला बदल मान्य, कर्ज आहे तसं चालू ठेवावं. मॅनेजरनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "जा, मॅडम. आज तुमची हजेरी मी बघतो." मी पत्र पर्समध्ये टाकलं आणि मोपेड अशी पळवली की वळणावर दोन कोंबड्या थोडक्यात वाचल्या.

डंक चालू होता. डंकवाली उखळाशी उभी, पण तिचा चेहरा उतरलेला.

"मालक शाळंत गेल्यात," मी काही बोलायच्या आत ती म्हणाली. "कपाटातला दाखला घेऊन गेल्यात. कशाला इचारलं तर बोलले न्हाईत. पुन्याच्या शाळंला आजून कायतरी शिक्का पायजे म्हनत हुते परवा. झालं अक्का, संपलं."

मी तिला पत्रसुद्धा दाखवलं नाही, तशीच शाळेकडं वळले. म्हटलं, शिक्का पडायच्या आत गाठला पाहिजे ह्या माणसाला.

मुख्याध्यापकांच्या खोलीत तो उभा होता, टोपी हातात. टेबलावर दाखला पडलेला. मी धापा टाकत आत शिरले. "दादा, थांबा, पत्र आलंय. कर्ज मंजूर राहिलं. डंक कुणी नेत नाही आता."

"कसलं पत्र?" तो म्हणाला.

"अहो, तपासणीचं. ते कळलं नाही म्हणूनच निघालात ना तुम्ही पुण्याला?"

"न्हाय बा. मी दाखला परत द्यायला आलोय."

मला काही सुधरेना. मी खुर्ची ओढून बसले. "पत्र यायच्या आधीच? आणि यंत्र नेलं असतं तर?"

"नेलं आसतं तर नेलं आसतं," तो म्हणाला. "मोटार जुनी कुटं बी मिळती, मुसळं मी सोता घडवीन. बाया मिरच्या घिऊन आमच्या दारात येत्यात मॅडम. त्यास्नी कोन जप्त करनार हाय?"

मी बँकेतली शिकलेली बाई. तीन आठवडे ज्या कागदासाठी मी झुरले, त्या कागदाची ह्या घराला गरजच उरली नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंसुद्धा नाही. इतका अभिमान मला पुढं बढती मिळाली तेव्हाही वाटला नाही.

मुख्याध्यापक मात्र अडचणीत होते. त्यांनी चष्मा वर केला. "अहो, हे असं परत करता येत नाही. मुलीचं नाव मी कमी केलंय. आता नव्यानं प्रवेश घ्यावा लागेल, आणि हजेरीत नाव सगळ्यात शेवटी येईल. हुशार पोरगी आहे, गुणांप्रमाणं हजेरीत चौथा नंबर होता तिचा. तिला वाईट वाटेल."

"शेवटी तर शेवटी," तो म्हणाला. "पटावर घाला."

मुख्याध्यापकांनी सातवीची हजेरी उघडली, पट्टी लावून एक रेघ ओढली आणि सगळ्या नावांच्या खाली, एक्केचाळीस नंबरला, त्या पोरीचं नाव लिहिलं.